उंदराला शिकवायचं आहे: भुकेवर की तहानेवर?

सूर वाजला की खाऊ मिळतो, एवढंच प्रयोगशाळेतल्या उंदराला शिकवायचं असतं. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने कुत्र्यांवर दाखवलं तेच. पण पोट भरलेला उंदीर सुराकडे फिरकत नाही. म्हणून आधी ठरवा, मोजून काय देणार: खाणं की पाणी?

खाणं मोजायचं तर काही दिवस पोटभर खाऊ घालून वजन घ्या, मग त्याच्या साधारण 85 टक्क्यांवर ते टिकेल इतकंच अन्न द्या. 25 ग्रॅमचा उंदीर असेल तर 21 ग्रॅमच्या आसपास. आठ आठवड्यांचा उंदीर मात्र अजून वाढत असतो, त्याचा जुना आकडा धरून बसू नका. पोटभर खाणाऱ्या भावंडांच्या वजनाशी ताडून पाहा. एका पिंजऱ्यात चौघे असतील तर दांडगा एकटाच ताव मारतो, म्हणून प्रत्येकाला वेगळं खाऊ घाला. घरट्याला कापूस किंवा कागद भरपूर ठेवा, कारण भुकेला उंदीर अंग थंड पाडून सुस्त पडू शकतो.

बक्षीस म्हणून खाण्याची 20 मिलिग्रॅमची गोळी सोयीची, पण ती पडताना यंत्र ‘खट्’ करतं आणि उंदीर त्या खटक्यावरच धावायला शिकतो. त्यामुळे सूर सुरू झाल्यापासून खटका होईपर्यंत तो ताटलीत किती वेळा डोकावला, तेवढंच मोजा.

पाण्याचा थेंब चार-पाच मायक्रोलिटरचा. चघळणं नाही, एका बैठकीत सूर-बक्षिसाच्या शेकडो फेऱ्या होतात, जिभेचा प्रत्येक स्पर्श नोंदवता येतो. डोकं स्थिर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू पाहायचा असेल तर मी पाणीच निवडेन. चघळताना चित्र हलतं. मात्र तहानलेला उंदीर कोरडं खाणंही कमी करतो, वजन घसरतं. म्हणजे तराजू इथेही रोज लागतोच. पिंजऱ्यातल्या पाण्यात 2 टक्के सायट्रिक ॲसिड घालून ते हवं तेवढं पिऊ देणं, हा त्यातला सौम्य मार्ग; आंबट असल्याने तो ते कमीच पितो.

मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांसाठी माझा कौल स्पष्ट आहे: खाणं थोडंसंच कमी करा आणि बक्षीस म्हणून पातळ केलेलं कंडेन्स्ड मिल्क द्या. जिभेला लागताच कळतं, चटकन संपतं. अनोळखी खाण्याला उंदीर बिचकतो, म्हणून दोन दिवस आधी पिंजऱ्यातच चव द्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीकडच्या अर्जात वजनाची खालची मर्यादा लिहा. ती ओलांडली गेली, तर त्या दिवशी प्रयोग नाही; उंदराला पोटभर खाऊ-पिऊ द्या.