लिस्बनमधील एका खाद्यसहलीचा हिशेब

लिस्बनमध्ये मार्गदर्शकाबरोबर पायी फिरत स्थानिक पदार्थ चाखण्याच्या सहली ठिकठिकाणी विकल्या जातात. त्यांतील काही उत्तम असतात. आमच्या वाट्याला आलेली तशी नव्हती, आणि तिथे जाण्याचा बेत आखणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे हे कळावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सहल आम्ही भारतातूनच, त्या कंपनीच्या संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून आरक्षित केली होती. माणशी 78 युरो, म्हणजे दोघांचे मिळून चौदा हजार रुपयांच्या घरात. त्या मोबदल्यात जास्तीत जास्त बारा जणांचा गट, आल्फामा भागातील कुटुंबांनी चालवलेल्या जुन्या खानावळी, दहा पदार्थ, वीस वर्षे मुरवलेली पोर्ट ही गोड पोर्तुगीज वाइन आणि प्रत्येक थांब्यावर शाकाहारी पर्याय असे लेखी आश्वासन होते. माझी पत्नी शाकाहारी असल्यामुळे शेवटच्या मुद्द्याबद्दल मी ईमेल करून खात्री करून घेतली होती आणि ‘काळजी नसावी’ असे उत्तरही आले होते.

रॉसियो चौकात ठरलेल्या वेळी पोहोचलो तेव्हा तिथे तिसाच्या आसपास माणसे उभी होती. तीन वेगवेगळ्या नावांनी विकलेल्या सहलींचे ग्राहक एकाच मार्गदर्शकाच्या हवाली केलेले आहेत, हे सहप्रवाशांच्या मोबाइलवरील पावत्या पाहिल्यावर लक्षात आले. पहिला थांबा चेरीसारख्या आंबट फळापासून बनणाऱ्या जिंजिन्या या मद्याचा होता. त्या परिसरात हे मद्य उभ्या उभ्या, एक-दोन युरोंत कोणालाही मिळते. दुसरा थांबा डबाबंद माशांच्या झगमगीत दुकानात होता. तिथे चव म्हणून दातकोरणीच्या टोकावर माशाचा एक तुकडा मिळाला आणि पुढचा अर्धा तास डबे विकण्याचा आग्रह चालला. मार्गदर्शक त्या वेळी गल्ल्यापाशी उभा राहून कोणी काय घेतले याची नोंद करत होता. दलाली कशावर चालते हे समजायला आणखी पुराव्याची गरज नव्हती. त्यानंतर पास्तेल द नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची ती प्रसिद्ध टार्ट, दोघांत एक अशी कापून वाटण्यात आली आणि तिची गणना मात्र दोन पदार्थ अशी झाली.

खरा प्रकार आल्फामातील उपाहारगृहात घडला. दारात छायाचित्रांचे मेनूकार्ड घेऊन ग्राहकांना आत ओढणारा माणूस उभा होता, यावरूनच ती कोणाच्या घरची खानावळ नाही हे उघड होते. बसताच पाव, ऑलिव्ह, चीज आणि माशाच्या पेस्टच्या डब्या न मागता टेबलावर आल्या. हे सगळे सहलीतच आहे, असे मार्गदर्शकाने सर्वांसमोर सांगितले. पत्नीसमोर ‘शाकाहारी’ म्हणून काल्दो व्हेर्दे हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप ठेवले गेले. चमचा बुडवताच तळाशी शोरिसूची, म्हणजे आपल्याकडे गोव्यात मिळणाऱ्या चोरीस या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या मूळ भावंडाची, लालसर तेल सुटलेली चकती वर आली. या सूपमध्ये ती चकती घालणे ही तिथली रीतच आहे, त्यामुळे दोष स्वयंपाक्याचा नाही. पण सहली विकणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक नसेल यावर विश्वास बसणे अशक्य आहे. मार्गदर्शकाने ती चकती चमच्याने काढून टाकण्याचा सल्ला दिला. पत्नीचे जेवण त्या दिवशी पाव आणि ऑलिव्हवर झाले.

मला ‘आज सकाळीच आलेल्या’ भाजलेल्या सार्डिन, म्हणजे तारलीसारख्या लहान मासळ्या, मिळाल्या. महिना फेब्रुवारीचा होता. पोर्तुगालमध्ये सार्डिनचा हंगाम उन्हाळ्याचा. जूनमध्ये लिस्बनच्या सांतो आंतोनियोच्या उत्सवात गल्लोगल्ली त्या भाजल्या जातात त्या यामुळेच, आणि हिवाळ्यात पानात येणारी सार्डिन बहुधा बर्फातली असते. वीस वर्षांची म्हणून जी पोर्ट वाइन आली, ती बाटली न दाखवता आधीच पेल्यांत ओतलेली होती आणि तिचा रंग गडद जांभळट लाल होता. पुढे पोर्तो या शहरात गेल्यावर नदीपलीकडील व्हिला नोवा द गाया येथील तळघरांत खरी वीस वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेली पोर्ट, पाहिली. लाकडी पिंपांत इतका काळ काढल्यावर तिचा लाल रंग उतरून ती मधासारखी, तांबूस-पिवळी झालेली असते. शिवाय अस्सल पोर्टच्या बाटलीच्या गळ्यावर नियामक संस्थेची क्रमांक असलेली पट्टी चिकटवलेली असते. पेला आणून ठेवला तर बाटली दाखवायला सांगावी. प्रामाणिक माणूस ती आनंदाने दाखवतो.

मग बिल आले. सहलीत धरलेले सांगून मांडलेल्या पाव-ऑलिव्ह-चीजचे पैसे माणशी लावले होते, पाण्याचे वेगळे होते आणि सार्डिन ‘चाखण्यापुरती’ नसून पूर्ण थाळी असल्यामुळे तिचेही होते. मार्गदर्शक एव्हाना पुढच्या गटाचे कारण सांगून निघून गेला होता. जेवणाआधी मांडल्या जाणाऱ्या या गोष्टींना तिथे कुव्हेर म्हणतात. 2015 च्या कायद्यानुसार ग्राहकाने न मागितलेल्या कुव्हेरचे पैसे आकारता येत नाहीत. हे मला आदल्या दिवशी हॉटेलातील बाईंनी सांगितले होते. (नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, हा त्यांचा सल्ला अधिक सोपा आहे, कारण खाल्ल्यावर वाद घालणे अवघड जाते.) तोंडी बोलण्याचा उपयोग होईना, तेव्हा मी ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’ मागितले. ही तक्रारवही प्रत्येक उपाहारगृहाला ठेवावीच लागते, ती असल्याची पाटी दर्शनी भागात लावावी लागते आणि मागणाऱ्याला ती नाकारता येत नाही. तिच्यात लिहिलेली तक्रार सरकारी यंत्रणेकडे जाते आणि एक प्रत ग्राहकाला मिळते. वहीचे नाव काढताच कुव्हेर आणि पाणी बिलातून गळले. सार्डिनचे पैसे मात्र द्यावे लागले. ते घेतानाही यंत्रावर युरोऐवजी रुपयांत रक्कम स्वीकारण्याचे बटण वेटर स्वतःच दाबू पाहत होता. त्यात विनिमयाचा दर आपल्या तोट्याचा असतो, म्हणून नेहमी युरोच निवडावा.

सहलीचे पैसे परत मिळवण्याची खटपट भारतात आल्यावर केली. कार्डाच्या बँकेने ‘सेवा दिली गेली आहे’ असे सांगून दावा फेटाळला. कंपनीने नियम व अटींतील एका ओळीकडे बोट दाखवले: थांबे, पदार्थ आणि गटाचा आकार पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतो. पोर्तुगालमध्ये अशा सहली चालवणाऱ्या कंपनीला ‘तुरिझ्मु द पोर्तुगाल’ या राष्ट्रीय पर्यटन संस्थेच्या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते आणि ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. आमच्या कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक नव्हता आणि नोंदवहीत शोधल्यावर ते नावही सापडले नाही. पावतीवर करक्रमांक नव्हता. पंचतारांकित अभिप्रायांतील बहुतेक एकाच पंधरवड्यातले होते आणि त्यांत मार्गदर्शकाचे कौतुक भरपूर असले तरी कोणत्या पदार्थाची चव कशी होती याबद्दल अक्षर नव्हते.

पोर्तोमध्ये आम्ही आणखी एक सहल घेतली, आणि ती निवडताना आधी नोंदणी क्रमांक मागितला. तो एका ओळीच्या उत्तरात आला. त्याबरोबर थांब्यांची नावे, पेये धरलेली आहेत की नाहीत आणि ‘दोन थांब्यांवर शाकाहारी काहीच नाही, तेवढी रक्कम कमी करतो’ हेही आले. 2022 मध्ये नूतनीकरणानंतर पुन्हा उघडलेल्या बोल्याव मंडईत आम्ही सहा जण होतो, आणि पत्नीला भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, मेंढीच्या दुधाचे चीज आणि मक्याचा पाव मिळाला.

लिस्बनच्या कंपनीविरुद्धची आमची तक्रार अन्न व आर्थिक सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या ‘आझाए’ या सरकारी यंत्रणेकडे तिच्या संकेतस्थळावरून नोंदवली आहे. त्यासाठी पोर्तुगालमध्ये असणे आवश्यक नाही. आरक्षणाच्या वेळच्या पानाची छायाचित्रे जवळ असल्यामुळे बारा जणांचे आश्वासन सिद्ध करता आले. आता त्या पानावर ‘लहान गट’ एवढेच शब्द उरले आहेत.