जुनं ड्रिफ्टवुड: उकळायचं की भिजवायचं?

कुणी माशांचा टँक मोडला की त्यातलं ड्रिफ्टवुड, म्हणजे सजावटीला पाण्यात ठेवलेलं लाकूड, निम्म्या भावात मिळतं. पण लाकडासोबत गोगलगायींची अंडी, शेवाळ आणि आधीच्या मालकाने घातलेली औषधंही घरी येतात. मागच्या एप्रिलात धुळ्याहून असे दोन तुकडे आणले. एक भिजवला, एक उकळला.

त्याआधी दोन गोष्टी बघा. लाकडात नख रुतत असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ते घेऊच नका. आणि तांब्याचं औषध घातलं होतं का, हे विकणाऱ्याला विचारा. तांबं लाकडात मुरतं, उकळून जाईलच असं नाही, आणि टँकमधल्या श्रिंपला, म्हणजे छोट्या कोळंबीला, ते थोडंसुद्धा बाधतं. ब्लीचच्या वाटेला मी गेलो नाही. सच्छिद्र लाकडातून ते पुरतं निघालं की नाही, ही धाकधूक कोण सांभाळणार?

भिजवणं तसं सोयीचं. गॅस नाही, लाकडाला त्रास नाही, मोठा तुकडाही टबात मावतो. टॅनिन, म्हणजे पाण्याला चहाचा रंग देणारा लाकडातला अर्क, हळूहळू उतरतं आणि लाकूड पाणी पिऊन आपसूक बुडायला लागतं. पण पाणी एक-दोन दिवसांनी बदलावं लागतं, आणि आमच्या गल्लीत नळ येतो चौथ्या दिवशी. एप्रिलचं ऊन, गच्चीवरचा टब. दुसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं, तिसऱ्या दिवशी लाकडाला बुळबुळ, आणि नळ यायच्या आत टबात डासांच्या अळ्या वळवळताहेत. अळ्या गप्पींनी मिटक्या मारत खाल्ल्या, पाणी जास्वंदीला गेलं, म्हणजे वाया काही गेलं नाही. पण शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "भाऊ, हाई काय सडाले ठेयेल शे?" तीन आठवडे हे चाललं. एवढं करून लाकूड टँकमध्ये ठेवल्यावर आठवडाभरात काचेवर बारक्या गोगलगायी दिसल्याच. अंडी नुसत्या पाण्याने मरत नाहीत, हे तेव्हा कळलं.

उकळण्यातही कटकट आहे. बिबड्यांचं मोठं पातेलं आईने हातात दिलं नाही, आणि बरोबरच होतं तिचं. भंगारातून एक घेतलं, ते आता फक्त लाकडासाठी. अंगणात तीन विटा मांडून पऱ्हाट्या लावल्या; त्या भसाभस जळतात, त्यामुळे जागचं हलता येत नाही. तुकडा उभाच मावला, म्हणून एक टोक दीड तास, मग उलटून दुसरं. भेगांतून बुडबुडे निघत होते, मध्येच एखादी मेलेली गोगलगाय वर यायची. ते बघून जे समाधान मिळालं, ते टबाने तीन आठवड्यांत दिलं नाही.

हा तुकडा दुसऱ्या दिवशीच बुडाला. टँकमध्ये त्यावर पांढरी साय आली, ती निरुपद्रवी असते. मोली माशांनी चार दिवसांत फस्त केली. पाण्याला पिवळट छटा दोन्ही तुकड्यांनी दिली. टॅनिनने पाणी आम्लधर्मी होईल, म्हणजे पीएच घसरेल, म्हणून आमच्याकडच्या जड बोअरच्या पाण्यात फार घाबरायचं कारण नाही.

तुमच्याकडे रोज नळ येत असेल, टबावर जाळी असेल आणि घाई नसेल, तर भिजवणं वाईट म्हणणार नाही. खूप जुनं, ठिसूळ लाकूड तासन् तास उकळलं तर त्याचे तंतू सुटतात, तिथे भिजवणंच बरं. मी मात्र आता दोन फुटांचा एक तुकडा बघून ठेवलाय, आणि पऱ्हाट्याही.