एका वर्षाचं पद आणि शाळेतला फिल्टर: तरुणांच्या सेवा-संघटनेत चौदा महिने काढल्यावर

ऑगस्ट २०२४ मधला शनिवार. नागपुरात सदर भागातलं ऑफिस सुटलं की मी सरळ मानेवाड्याची वाट धरायची, त्या दिवशी मात्र ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "एकदा येऊन तर पाह्य." एका हॉलवर घेऊन गेली. तीसेक पोरं-पोरी, टेबलावर लाकडी हातोडी, आणि एक मुलगा उभा राहून चार हजार रुपयांच्या खर्चाचा ठराव मांडत होता. कोणीतरी अनुमोदन दिलं, दोघांनी हरकत घेतली, मग हात वर करून मतं मोजली. चार हजारांसाठी एवढं कशाला, असं वाटलं होतं. पुढच्या महिन्यात मी सभासद झाले.

आता ओळखीतले विचारतात की जाऊ का, वेळ वाया तर जाणार नाही? त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. संघटनेचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि त्या एका शाखेतल्या आहेत.

अशा संघटनांची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच. यातलं जुनं घराणं जेसीआयचं, म्हणजे ज्युनियर चेंबर इंटरनॅशनलचं. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात हेन्री गिसेनबियर नावाच्या तरुणाने १९१० मध्ये नृत्याचा क्लब काढला होता. १९१५ मध्ये शहराच्या प्रश्नांत लक्ष घालणारी तरुणांची संघटना त्यानेच उभी केली. तिचं आंतरराष्ट्रीय रूप १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत ठरलं आणि १९४९ मध्ये हे काम भारतात आलं. रोटरीची तरुणांसाठीची संघटना रोटरॅक्ट १९६८ ची. जेसीआयला वय १८ ते ४०, तर रोटरॅक्टची तिशीची अट २०२० मध्ये निघाली. दोन्हीकडे अध्यक्ष दरवर्षी बदलतो. आमच्याकडेही तसंच: १ जानेवारीला पद घ्यायचं, ३१ डिसेंबरला सोडायचं. मला इथे जे मिळालं आणि जे खुपलं, ते सगळं या एका रिवाजातून आलं.

आधी मिळालेलं सांगते. दर जानेवारीला खुर्च्या रिकाम्या होत असल्यामुळे नवख्या माणसावर काम टाकावंच लागतं. येऊन पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हाच मला रक्तदानाची प्रोजेक्ट चेअरमन केलं. ऑफिसात पाच वर्षं झाली तरी माझ्या सहीने चहासुद्धा मागवला जात नाही. इथे मला पत्र लिहायचं होतं, रक्तपेढीची वेळ घ्यायची होती, हॉल ठरवायचा होता आणि हिशेबही द्यायचा होता.

पहिल्याच भेटीत रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी माझी वही बंद करायला लावली. म्हणाले, "तुम्ही सगळे २६ जानेवारीला येता, १५ ऑगस्टला येता, नेत्यांच्या वाढदिवसाला येता. मे महिन्यात कोण येतं?" मग त्यांनी गणित समजावलं. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एका दिवशी दोनशे पिशव्या गोळा केल्या तर महिना-दीड महिन्यात त्या वापराव्या लागतात, नाही तर फेकाव्या लागतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, कॉलेजं बंद, पोरं गावाला, आणि मागणी मात्र थांबत नाही. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. थॅलेसेमिया हाही तसाच आजार, त्याच्या लेकरांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांना ऊन नाही की सुट्टी नाही.

तिथून निघताना जिन्यात भंडाऱ्याहून आलेली एक आई भेटली. सात-आठ वर्षांचा मुलगा तिच्या खांद्यावर झोपला होता. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून तिला मी दवाखान्यातलीच वाटले. "म्याडम, पुढच्या बुधवारी भेटन ना रक्त?" मी म्हटलं, "ताई, मी इथली नाही, पण विचारून सांगते." परत वर गेले, विचारलं आणि खाली येऊन सांगितलं. बुधवारी रक्त मिळणार होतं. पण त्या प्रश्नानंतर मोठ्या शिबिराचा बेत माझ्या मनातून गेला.

आम्ही शिबिर घेतलंच नाही. त्याऐवजी ६४ नावांची यादी केली, तिच्यापुढे रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहिली. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये ३ महिने थांबावं लागतं, बाईला ४ महिने, त्याप्रमाणे दर आठवड्याला पाच-सहा जणांना फोन लावायचा. मे आणि जून मिळून ३१ जण खरंच गेले. अकरा मुली हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून परत पाठवल्या गेल्या. त्यातल्या दोघींना आपल्याला अशक्तपणा आहे हे त्या दिवशीच कळलं. आमच्या शाखेच्या वार्षिक अहवालात हे काम अगदी बारीक दिसतं. बॅनर नाही, फोटो नाही, फक्त एक तक्ता. वर्षभरात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे.

आता खुपलेलं.

जुलैमध्ये वह्या वाटायला महापालिकेच्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला, वह्या घेतल्या आणि शांतपणे विचारलं, "मागच्या वर्षी फिल्टर लावून गेले ते तुमचेच ना?" व्हरांड्यात आमच्या संघटनेचं नाव छापलेला पाण्याचा फिल्टर होता. तोटीला दोरी बांधलेली, आतली कँडल, म्हणजे पाणी गाळणारी कांडी, पिवळी पडलेली. आठ महिन्यांपासून बंद होता. पोरं बाजूच्या नळाला तोंड लावत होती. बाईंनी त्या वर्षीच्या अध्यक्षांना फोन केला, तर ते म्हणाले आता माझं पद नाही, नव्यांना सांगा. नव्यांचा नंबर बाईंकडे नव्हता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून तिथे प्रशासक होते, त्यामुळे जाऊन सांगावं असा नगरसेवकही नव्हता. बाईंच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लाज वाटली.

त्या माजी अध्यक्षांना मी दोष देत नाही. त्यांनी फिल्टर मनापासून लावला होता. पण वर्षभराच्या पदात माणसाला नवीन वस्तू द्यावीशी वाटते, कारण फलकावर नवीन वस्तूचंच नाव येतं. जुन्याची कँडल बदलायला कोणाच्याच वर्षात जागा नसते.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला, तोही मराठीत. (आमच्याकडे बैठक इंग्रजीत चालते, मध्येच हिंदी. मराठीत बोलायला कोणाची मनाई नाही, तरी पोरं बिचकतात आणि चांगले मुद्दे पोटातच ठेवतात. हे बदललं पाहिजे.) ठराव असा: शाळेला किंवा वस्तीला कोणतीही वस्तू देताना तीन वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला काढावा आणि दोन नावं लिहून ठेवावी, एक आपल्याकडचं, एक तिकडचं. अनुमोदन कोणीच दिलं नाही. ठराव पडला. एक दादा समजावत म्हणाले, "चांगलं आहे तुमचं, पण पुढच्या वर्षीच्या बोर्डाचे हात आपण कसे बांधायचे?" मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. महिनाभर मी एकेकाला शाळेत नेऊन फिल्टर दाखवला. पुढच्या बैठकीत तीन वर्षांचं दोन वर्षं केलं, आणि तेच दादा अनुमोदनाला उभे राहिले. ठराव १७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. चार हजारांसाठी मतं का मोजतात, ते त्या दिवशी कळलं.

कँडल आणि तोटी मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला. नळाजवळच्या फुटलेल्या फरशीसाठी महापालिकेच्या झोन कार्यालयात गेलो. शहराचे दहा झोन आहेत, आपली शाळा कुठल्या झोनमध्ये येते हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हतं. पहिला अर्ज दिला, पोच घेतली नाही, अर्ज हरवला. दुसऱ्यांदा आवक क्रमांक, म्हणजे अर्जाच्या नोंदीचा नंबर, घेतला आणि दर सोमवारी तो क्रमांक सांगून विचारलं. सहाव्या सोमवारी गवंडी आला. नेतृत्वावरच्या दोन दिवसांच्या निवासी प्रशिक्षणात मी छान भाषण करायला शिकले, आणि मला ते हवंच होतं, आधी माईक धरला की हात थरथरायचा. पण आवक क्रमांक प्रशिक्षणात कोणी शिकवला नाही.

मुलींसाठी थोडं वेगळं लिहिते. बैठका साडेआठला सुरू होऊन साडेदहाला संपायच्या. घरून रोज तेच बोलणं. आम्ही चौघींनी मिळून वेळ सातची करून घेतली. पाहुण्यांचं औक्षण, रांगोळी, सूत्रसंचालन आपोआप मुलींकडे येतं आणि खजिनदारपद आपोआप मुलांकडे जातं. हे मी बोलले, तेव्हा काहींना वाईट वाटलं. पण या परंपरेत मुलींची जागा मुळात भांडूनच मिळाली आहे. अमेरिकेतल्या जेसीजमध्ये, म्हणजे जेसीआयच्या तिथल्या संघटनेत, बायकांना पूर्ण सभासदत्व नव्हतं, तो वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. यंदा आमच्या शाखेत खजिनदार मुलगी आहे.

पैशाचं म्हणाल तर वर्षाची वर्गणी अडीच हजार. पदग्रहणाचा सोहळा, जेवणं, परिषदेचा प्रवास धरून माझे साधारण नऊ हजार गेले. परिषदेला गेलंच पाहिजे असं नाही, पण न जाणाऱ्याला थोडं बाजूला पडल्यासारखं होतं. नुकती नोकरी लागलेल्याला हे जड जातं, आत शिरण्याआधी वर्षाचा सगळा खर्च स्पष्ट विचारून घ्या. वेळ महिन्याला दोन संध्याकाळी आणि एक रविवार, चेअरमन असाल तर दुप्पट. ओळखीतून धंदा मिळेल म्हणून येणारे तीन-चार महिन्यांत गळतात.

अशा कोणत्याही शाखेत जायचं असेल, तर तिथल्या लोकांना एकच विचारा: दोन वर्षांपूर्वी तुम्ही काय केलं होतं आणि ते आज कसं आहे? दाखवायला घेऊन गेले, तर खुशाल सभासद व्हा.

माझं पद ३१ डिसेंबरला संपतं. फिल्टरच्या बाजूला आता चिठ्ठी चिकटवली आहे, कँडल बदलायची पुढची तारीख १५ जानेवारी. गेल्या रविवारी पुढच्या वर्षीच्या चेअरमनला शाळेत नेऊन बाईंशी गाठ घालून दिली. त्याने त्यांचा नंबर घेतला, स्वतःचा दिला, आणि रक्तदात्यांची वही मागून घेतली. गाडी काढताना विचारत होता, कँडल कुठल्या दुकानात मिळते. मी त्याला थेट इतवारीच्या बाजारात घेऊन गेले.