दीड लाख किलोमीटर झालेली ऑटोमॅटिक गाडी: गिअरबॉक्सचं ऑइल बदलावं की राहू द्यावं?

"इतकी वर्षं बदललं नाही ना, मग आता हात लावू नका. नवं ऑइल घातलं की गिअर घसरायला लागतात." जुनी ऑटोमॅटिक घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. असं घडतं हे खरं, पण बहुतेक वेळा गाडी झटके द्यायला लागल्यावरच लोकांना ऑइल आठवतं. तोवर क्लच प्लेटा संपत आलेल्या असतात. दुखणं आधीचं आणि आळ मात्र नव्या ऑइलवर.

राहू दिलं तर आज खर्च नाही, एवढाच फायदा. उष्णतेनं ऑइलमधली रसायनं हळूहळू निकामी होतात आणि प्लेटांची झीज त्यातच फिरत राहते. व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये तीच साचते. "आयुष्यभर चालणारं ऑइल" यावरही विसंबू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

बदलायचं ठरलं तर मशीननं फ्लश (जुनं ऑइल नव्यानं ढकलून बाहेर काढणं) की नुसतं ड्रेन करून, म्हणजे खालून निघेल तेवढं काढून, भरायचं? फ्लशमध्ये जवळजवळ सगळं ऑइल एका फटक्यात बदलतं. पण इतिहास माहीत नसलेल्या गाडीला मी ते करणार नाही, कारण साचलेला गाळ सुटून नको तिथे अडकू शकतो. ड्रेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणाऱ्या भागातलं) ऑइल आतच राहतं. समजा दर वेळी ४० टक्के निघालं, तर मध्ये काही दिवस गाडी चालवून तीनदा केल्यावर सुमारे ७८ टक्के ऑइल नवं होतं. वेळ जातो, ऑइलही जास्त लागतं, तरी जुन्या गाडीला हेच मानवतं.

आधी एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. बऱ्याच गाड्यांचं नवं ऑइल लाल असतं. तपकिरी झालं असेल आणि गिअर नीट पडत असतील, तर खुशाल बदला. काळं, जळका वास येणारं ऑइल आणि त्यात गाडी रेस होऊनही पुढे सरकत नसेल, तर आधी गिअरबॉक्स तपासून घ्या. नुसत्या ऑइलनं ते दुरुस्त होणार नाही.

पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं तबक) उघडला की त्यातलं चुंबक स्वतः बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असला तर ती नेहमीची झीज. बोटाला धातूचे कण टोचले, तर आत काहीतरी तुटतंय. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचंच ऑइल हवं, दुसरं चालत नाही.

आणि मेकॅनिकला आवर्जून सांगा: भरायचा प्लग सुटतोय याची खात्री झाल्याशिवाय ड्रेन प्लगला पाना लावायचा नाही. खालून सगळं ऑइल ओतून दिलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते.