दीक्षा ॲप: घरून शाळा सुरू करताना कितपत पुरतं?

जून 2020 मध्ये करोनामुळे महाराष्ट्रात घंटा न वाजताच शाळेचं वर्ष सुरू झालं. तेव्हा बहुतेक शाळांनी आधी व्हिडिओ कॉलचं ॲप शोधलं. मराठी माध्यमाच्या शाळेने त्याआधी उघडायला हवं होतं ते दीक्षा. हे सरकारी ॲप सप्टेंबर 2017 पासून आहे, फुकट आहे, आणि त्याची किल्ली मुलांच्या दप्तरातच असते. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर एक क्यूआर कोड असतो, त्यातून डिजिटल पुस्तक मिळतं. पाठापाठांत वेगळे कोड असतात, त्यांतून त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव.

बसवायला दहा मिनिटं पुरतात. भाषा मराठी, भूमिका विद्यार्थी, मग मंडळ (बोर्ड), माध्यम, इयत्ता. गडबड होते ती मंडळापाशी. घाईत दुसरंच मंडळ निवडलं गेलं की मुखपृष्ठावर भलतीच पुस्तकं दिसतात आणि पालक ‘यात आपलं काहीच नाही’ म्हणून ॲप काढून टाकतात. प्रोफाइलमध्ये जाऊन महाराष्ट्र निवडलं की झालं. पाठ पाहायला लॉगिन लागत नाही, त्यामुळे पासवर्ड विसरायचीही भानगड नाही.

कोड मात्र दीक्षाच्या आतल्या स्कॅनरनेच स्कॅन करायचा. पुस्तक पलंगावर अर्धवट उघडं, पानाला बाक, वर ट्यूबलाइटची चमक, अशा वेळी फोन नुसता शोधत बसतो. पान बोटांनी सपाट धरून वीतभर अंतरावरून बघावं. तरीही जमलं नाही तर कोडखाली छापलेली सहा अक्षरं-अंक शोधच्या चौकटीत टाइप करायची. ही सोय फार थोड्या घरांत माहीत असते. पालकसभेत दुसरं काही सांगितलं नाही तरी एवढं सांगाच.

खरा फायदा ऑफलाइनचा. फोन वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो, अशा घरात अकराचा लाइव्ह तास म्हणजे रोजची गैरहजेरी. दीक्षावरचा पाठ रात्री डाउनलोड करून नेट नसताना पाहता येतो. अडचण एवढीच, की काही व्हिडिओ यूट्यूबवरून येतात आणि ते डाउनलोड होत नाहीत. शिक्षकांनी लिंक पाठवण्याआधी फोन विमान मोडवर टाकून पाठ चालतो का ते बघावं आणि निरोपात तो किती एमबीचा आहे तेही लिहावं. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर दोन भावंडं असतील तर हा आकडा महत्त्वाचा ठरतो. फोनची जागाही पटकन भरते. पाहून झालेले पाठ दर शनिवारी काढून टाकलेले बरे.

साहित्याचा दर्जा मात्र एकसारखा नाही. काही पाठांना नेटके व्हिडिओ आणि भरपूर सराव आहे, तर काही ठिकाणी कोड स्कॅन करूनही हाती फारसं लागत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातच प्रत्येक विषयशिक्षकाने पहिल्या तीन पाठांचे कोड स्वतः तपासावेत.

मोठी उणीव अशी की हा वर्ग नव्हे. घरी सोडवलेल्या सरावाचे गुण मुलाच्या फोनवरच राहतात, बाईंपर्यंत पोचत नाहीत. त्यासाठी वहीच मागवावी लागते. पण चाळीस जणांचे फोटो एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आले की कोणाचं काय ते कळत नाही आणि सगळ्यांचे फोन भरतात ते वेगळंच. पानावर हजेरी क्रमांक ठळक लिहून फोटो थेट शिक्षकांना पाठवायचा, ग्रुप फक्त सूचनांसाठी. शंकांसाठी छोटा लाइव्ह तास हवाच, पण मोजका. ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या जुलै 2020 च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांतही पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रं सुचवलेली होती.

ज्या घरात स्मार्टफोनच नाही तिथे दीक्षा निरुपयोगी, हेही मान्य करायला हवं. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाला, तो अशा घरांच्या जास्त कामाचा होता. टीव्हीही नसेल तर शिक्षकांनी पाठ डाउनलोड केलेला फोन घेऊन वस्तीवर जायचं, ओट्यावर चार-पाच मुलं बसवायची आणि सोबत छोटा स्पीकर न्यायचा. फोनचा आवाज उघड्यावर दुसऱ्या रांगेतही नीट पोचत नाही.