रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्म बघणारे डॉक्टर (४ स्टार, एक पार्किंगपायी गेला)

भाच्यासाठी सेकंड ओपिनियन घ्यायला या न्यूरोलॉजी ओपीडीत आलो होतो. पोरगा १९ वर्षांचा, आठ दिवसांत उजव्या हातातून पेन गळायला लागला, बोलताना शब्द अडकायला लागले, दुसऱ्या एका ठिकाणी एमआरआय झाला आणि रिपोर्टात सरळ हाय ग्रेड ग्लायोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ, ऑपरेशनची तारीखसुद्धा दिली. ताई तर जेवणच सोडून बसलेली.

इथे दोन तास ताटकळलो, एसी बंद. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला, सीडी लावली आणि वीसेक मिनिटं स्क्रीनवर दाखवत बसले. डाग साडेतीन सेंटीमीटरचा, पण त्या मानाने आजूबाजूला सूज कमी, मेंदू फारसा ढकललेला नाही. आणि कडेची चकाकणारी रिंग पूर्ण नाही, वरच्या करड्या थराकडे उघडी, "फुटलेल्या बांगडीसारखी" म्हणाले. ताई तेवढ्यातही पुटपुटली, वाढवलेली म्हणा हो. अशी रिंग दिसली की गाठीआधी डिमायलिनेशनचा, म्हणजे नसांवरचं आवरण सुजून सोलवटण्याचा संशय घ्यायचा, तरुण पेशंटमध्ये तर नक्कीच. आपल्याकडे टीबीची गाठपण रिंगसारखी दिसते म्हणून तीही तपासली.

मग मणक्याचा एमआरआय, पाठीतलं पाणी, रक्ताची मॉग अँटीबॉडी टेस्ट (असंच आवरण सोलवटणारा दुसरा एक आजार ओळखायची). मॉग निगेटिव्ह, पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मेंदू-मणक्यात दाह चालू असल्याची खूण, सापडले, आणि मानेत एक जुना छोटा डाग निघाला जो कुणी बघितलाच नव्हता. निदान एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरच्या आवरणावर उलटते तो आजार), गाठीसारखा दिसणारा. रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ५ दिवस सलाईनमधून. सहा आठवड्यांनी डाग निम्म्याहून कमी, पोरगा परत सही करतोय.

मला आवडलं ते हे की डॉक्टरांनी फुशारकी मारली नाही. स्टेरॉइडने लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, सुद्धा काही दिवस आकसतो, त्यामुळे डाग कमी झाला म्हणजे विषय संपला असं नाही, परत वाढला तर बायोप्सी करावीच लागेल, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. एमएसचं औषध लांब चालणार हेही लपवलं नाही.

पार्किंगचं मात्र काही खरं नाही, रिक्षाने या. एमआरआयची सीडी आणा, मोबाइलमधले रिपोर्टचे फोटो बघत नाहीत. मॉगचं सॅम्पल बाहेर जातं, आठवडाभर धरून चला.