सीझनल बिअरचा नाद : उन्हाळा ते थंडी पिऊन झाल्यावरचं मत

मी कोल्हापूरचा, कामासाठी पुण्याला फेऱ्या असतात आणि तिथल्या एका मायक्रोब्रुअरीच्या (म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीच्या) सीझनल बिअर गेल्या उन्हाळ्यापासून धरून बसलोय, म्हणजे बोर्डावर नवीन नाव चढलं की एक ग्लास घ्यायचाच. पुण्याला हे वेड तसं जुनंय, २००९ ला डूलाली ही मायक्रोब्रुअरी तिथंच सुरू झाली. आपल्याकडं अजून बरेच जण स्ट्राँग आहे का माईल्ड एवढंच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उन्हाळ्यातली आंब्याची एल (बिअरचाच एक प्रकार) लोक मँगो ज्यूस समजून मागवतात आणि तोंड वाकडं करतात. अरे भावा, गर टाकीत गेला की त्यातली साखर बिअर आंबवणारं यीस्ट खाऊन टाकतं, गोडी उरतच नाही, उरला तर वास आणि सालीजवळचा थोडा आंबटपणा. हिचा वास खरा होता, पण दुसरा ग्लास मागवावा असं काही वाटलं नाही. पावसाळ्यातली कॉफी स्टाउट, म्हणजे काळी, भाजक्या चवीची बिअर, ठीक. कोकमवाली प्यायलोच नाही, दरवेळी गेलो की 'संपली सर'. कधी टॅपवर येणार, किती दिवस टिकणार हे इन्स्टावर धड टाकत नाहीत, लांबून येणाऱ्यानं करायचं काय?

ऑक्टोबरच्या सुमाराला मार्झेन ही जर्मन बिअर आली, ती मात्र लई भारी. जर्मनीत ही मार्चमध्ये करून थंडीत ठेवायचे आणि शरदात काढायचे, नाव त्यावरनंच पडलंय. लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवायची बिअर असल्यामुळं कमी तापमानात आठवडेच्या आठवडे टाकी अडकून पडते, म्हणून छोट्या ब्रुअऱ्या हिच्या वाटेला फारशा जात नाहीत. भाजल्या पावाच्या कडेसारखी चव, कडवटपणा बेताचा, आणि फळबिळ काही नाही. माझ्या मते सगळ्या सीझनलमध्ये हीच एक नंबर, पण टेबलाटेबलावर फोटो निघत होते ते आंब्याचेच.

थंडीत गुळाची आली. आता गूळ म्हटल्यावर कोल्हापूरकराचे कान टवकारणारच, वेटरला पहिलं विचारलं गूळ कुठला, त्याला पत्ता नव्हता. घरातल्यांना वाटलं काकवीसारखी गोड असेल, तर ही उलटी एकदम कोरडी आणि हलकी, कारण गुळातली साखर जवळजवळ सगळीच आंबून जाते, मागं राहतो तो रंग आणि किंचित खमंग, खारट झाक. मला आवडली, आमच्या दाजींना अजिबात नाही, 'गूळ घालून गोड नाही म्हणजे गूळ वाया घालवला' हे त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

जेवणाबरोबरचं सांगायचं तर तांबड्या रश्श्यावर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सवाली कडू बिअर, घेऊ नका. हॉप्सचा (बिअरला कडू करणारी फुलं) कडवटपणा तिखट आणखी चढवतो, घसा पेटतो. त्यापेक्षा गव्हाची हेफेवायझन घ्या, तिच्यातला केळ्या-लवंगेचा वास कुणी घातलेला नसतो, यीस्टच तो तयार करतं, आणि रश्श्यातल्या लवंग-दालचिनीशी छान जमतो. पांढऱ्यावर मार्झेन चालते. सुक्या मटणावर स्टाउट, हे माझं ठाम मत, भांडायचं असेल तर या.

ग्रोलर, म्हणजे बिअर भरून न्यायची मोठी बाटली, घरी आणणाऱ्यांसाठी : तोंडापर्यंत भरून घ्या, आत हवा कमीत कमी राहिली पाहिजे, आणि बर्फाच्या पेटीत उभा ठेवा. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर डिकीत गरम झाला की वाट लागते. ही बिअर पाश्चराईज केलेली नसते त्यामुळं दोन-तीन दिवसांत संपवायची, आणि एकदा झाकण उघडलं की त्याच रात्री, सकाळपर्यंत गॅस उडून सरबत होतं. आणि हो, गाडी चालवणाऱ्यानं तिथं प्यायची नाही, ग्रोलर त्यासाठीच असतो.

सीझनलचा ग्लास नेहमीच्यापेक्षा महाग पडतो, म्हणून आधी छोटा टेस्टर मागा, बहुतेक देतात. नाही दिला तर सरळ हेफेवायझन सांगा.